स्नोब्लोअरला प्लास्टिकचं अस्तर: कळव्यात बसून ओटावाची मिस्त्रीगिरी

सकाळी साडेसातची वेळ, मी कळव्याला गॅलरीत चहा घेऊन बसलेलो, आणि भाच्याचा व्हिडिओ कॉल. तो कॅनडात ओटावाला असतो, तिकडे आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले. स्क्रीनवर त्याच्या तोंडाऐवजी एक लाल मशीन, स्नोब्लोअर, म्हणजे अंगणात पडलेला स्नो उचलून लांब फेकणारं, आणि त्याच्या वरच्या नळकांड्यात ठासून भरलेला पांढरा लगदा. "मामा, तू इतकी वर्षं पावडरच्या लाइनमध्ये काढलीस ना, हे बघ सारखं चोक होतंय, दर दहा फुटांवर थांबून काठीने कोरत बसतोय मी."

आता मी आयुष्यात एकदाही स्नो पडताना बघितलेला नाही. कळवा ते ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर पकडून रबाळे, एवढंच माझं भूगोलाचं ज्ञान. पण एमआयडीसीत मेंटेनन्सला असताना हॉपरला, म्हणजे पावडर ओतायच्या नरसाळ्यासारख्या मोठ्या डब्याला, चिकटलेला माल हातोडीने ठोकून पाडण्यात माझी उमेदीची वर्षं गेलीत, त्यामुळे ते नळकांडं बघितल्या बघितल्या कळलं की दुखणं ओळखीचंच आहे, फक्त माल वेगळा. त्याला जे समजावलं तेच इथे लिहितोय, कारण यातली अर्धी गोष्ट आपल्याकडच्या चिकट मालालाही जशीच्या तशी लागू पडते.

आधी मशीन. घरगुती मोठा स्नोब्लोअर म्हणजे दोन टप्प्यांचं काम असतं. पुढे एक उघडं खोकं, त्यात आडवा स्क्रू, तो हळू फिरतो, मिनिटाला शंभराच्या आसपास फेऱ्या, आणि पडलेला स्नो दोन्ही बाजूंनी ओढून मध्ये आणतो. त्याच्यामागे एक पंखा, त्याला इंपेलर म्हणतात, तो मात्र मिनिटाला साधारण हजार फेऱ्या मारतो. पंखा एक फुटाचा धरला तर त्याच्या पात्याचं टोक ताशी पंचावन्न किलोमीटरच्या वर पळतं, म्हणजे घोडबंदर रोडवर रात्री एक वाजता जो स्पीड मिळतो तो. या पंख्याने फेकलेला माल वर हंसाच्या मानेसारख्या वाकड्या धुराड्यातून बाहेर उडतो, त्याला शूट म्हणायचं. मोटर नाही, स्क्रू नाही, काही नाही, शूट म्हणजे नुसता वाकवलेला पत्रा, आणि नेमका तिथेच सगळा घोळ होतो, कारण पंख्याने दिलेला जोर सोडला तर तिथे मालाला ढकलणारं दुसरं काहीच नसतं. पत्र्याने जरा धरून ठेवलं की मागचा माल पुढच्यावर आपटतो आणि तीन सेकंदात बूच.

मग रोजच चोक का होत नाही? भाचा म्हणाला की कडक थंडीत, उणे पंधराला वगैरे, मशीन मस्त चालतं, स्नो पिठासारखा उडतो, आणि शून्याच्या आसपास टेंपरेचर आलं की वाट लागते. हे कळायला कणीक मळणाऱ्या कोणालाही अर्धा मिनिट पुरेल. कोरडं पीठ हाताला चिकटत नाही, झटकलं की गेलं. भरपूर पाणी घातलं तर ओघळून जातं. मधली जी अवस्था असते ना, पाणी घातलंय पण मळून झालेलं नाही, तेव्हा पीठ बोटं सोडत नाही. ओल्या स्नोचं तेच. कणांच्या मध्ये थोडंसं पाणी, ते पाणी कणांना एकमेकांशी धरतं आणि पत्र्यालाही धरतं, कारण लोखंडावर पाणी छान पसरतं. त्यात पत्रा शून्याच्या खाली असेल तर ते पाणी तिथेच गोठतं, आणि आता तो लगदा चिकटलेला राहत नाही, वेल्डिंग झालेला असतो. वर पत्र्याचा रंग उडालेला, गंज चढलेला, म्हणजे खडबडीत, त्याच्या खाचाखोचांत बर्फ घट्ट बसतो. ज्यांच्याकडे जुना फ्रीज होता त्यांना ॲल्युमिनियमचा बर्फाचा ट्रे आठवत असेल, फ्रीजरच्या तळाला असा बसायचा की आई कालथा घालून उचकटायची, आणि नंतर प्लास्टिकचा ट्रे आला तो नुसता पिळला की खडे सुटून यायचे. आम्ही घरी ॲल्युमिनियमच्या ट्रेखाली मिठाचे खडे टाकायचो, अस्तर लावायची अक्कल तेव्हा नव्हती.

त्याच्या घरासमोर अजून एक त्रास असा की नगरपालिकेची गाडी रस्ता साफ करत जाते आणि जाता जाता प्रत्येकाच्या गेटच्या तोंडाशी एक बांध घालून जाते, त्यात रस्त्यावरचं मीठ, चिखल, अर्धवट वितळलेला लगदा सगळं. अख्खं अंगण साफ करून माणूस तिथे पोचतो आणि तिथेच मशीन गचकतं.

यावर तिकडे लोक काय काय करतात. सिलिकॉन स्प्रे मारतात, गाडीचं वॅक्स लावतात, काही तर स्वयंपाकाच्या तेलाचा स्प्रे मारतात, आपण तव्यावर मारतो तसा. चालतं, पण थोडाच वेळ, कारण आतून मिनिटाला कितीतरी किलो माल घासत जातोय, तो ते तेल घेऊनच जाणार. एक फुकटचा उपाय मात्र खरंच कामाचा आहे, मशीन गरम गॅरेजमधून काढून लगेच वापरायचं नाही, आधी बाहेर थंड होऊ द्यायचं. गरम पत्र्यावर पहिला स्नो पडतो, वितळतो, आणि मग पत्रा गार झाला की तोच थर गोठून बसतो, पुढच्या सगळ्या लगद्याला पकडायला एक आयती खुंटी तयार. कायमचा इलाज हवा असेल तर अस्तर, आणि त्यासाठी लाइनमधले सगळे जे नाव घेतात ते म्हणजे यूएचएमडब्ल्यू (अल्ट्रा हाय मॉलिक्युलर वेट) शीट.

नावाला घाबरू नका. हे साधं पॉलिथिलीनच आहे, दुधाची पिशवी ज्याची त्याच खानदानातलं. पॉलिथिलीन म्हणजे एकाला एक जोडलेल्या लांब साखळ्या, आणि साखळी किती लांब यावर सगळा स्वभाव ठरतो. एचडी, म्हणजे आपल्या बादल्या आणि पाण्याचे पाइप, त्याचा रेणुभार, म्हणजे एका साखळीचं वजन, मोजलं तर काही लाखांपर्यंत जातं. यूएचएमडब्ल्यूचं ३० ते ६० लाख. आता शिवणाच्या डब्यात दोऱ्याचे वीतभर तुकडे पडले असतील तर एक ओढला की सुटा येतो, पण अख्ख्या रिळांचा गुंता झाला तर ओढून बघा, सगळा डबाच हातात येतो. हे प्लास्टिक म्हणजे तसला गुंता. म्हणून त्याच्यावर काही घासलं तरी कण सहजासहजी निघत नाहीत, थंडीत तडकत नाही, आणि पृष्ठभाग मेणासारखा, पाणी त्याच्यावर पसरायच्या ऐवजी थेंब करून बसतं. घर्षण पण कमी, टेफ्लॉनच्या जवळपास जातं, आणि टेफ्लॉन मऊ असल्यामुळे घासाघाशीत लवकर झिजतं तसं हे झिजत नाही.

टेफ्लॉनवरून आठवलं. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली म्हणून हाडांचे डॉक्टर होते, खुब्याचा कृत्रिम सांधा बनवायच्या मागे लागलेले, त्यांनी आधी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं कारण ते सगळ्यात गुळगुळीत. काही वर्षांत वाट्या झिजून गेल्या, पेशंटना परत त्रास. मग १९६२ मध्ये त्यांनी हेच लांब साखळ्यांचं पॉलिथिलीन लावलं आणि ते टिकलं. आजही गुडघा बदलतात तेव्हा दोन धातूंच्या मध्ये जी पांढरी चकती असते ती याच घराण्यातली. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेत, म्हणजे आमच्या घरात हा माल आधीपासूनच होता, मलाच पत्ता नव्हता. बर्फावर घसरायच्या स्कीचा तळ पण याचाच असतो, त्यामुळे स्नोवर हे कसं वागतं याची परीक्षा केव्हाच झालेली आहे.

इथपर्यंत सगळं गोड. आता खरी मेख.

ज्या गुणामुळे बर्फ याला चिकटत नाही, त्याच गुणामुळे हे स्वतः कशालाच चिकटत नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून ठासून सांगतो. कंपनीत एका हॉपरला पहिल्यांदा ही शीट लावली तेव्हा मी हुशारी केली, पत्रा घासला, पुसला, दोन्हीकडे चांगलं जाड सोल्युशन लावलं, वजन ठेवलं, रात्रभर सुकवलं. दुसऱ्या दिवशी एकदम फर्स्टक्लास दिसत होतं. तिसऱ्या दिवशी सेकंड शिफ्टला शीटचा एक कोपरा सुटला, त्याच्या मागे पावडर शिरली, पावडरने पुढचं सोडवलं, आणि अख्खी शीट खाली स्क्रू कन्व्हेयरमध्ये गुंडाळली गेली. ती काढायला आम्हाला चार तास लागले आणि साहेबांचं बोलणं त्याच्या पुढे दोन आठवडे चाललं. शीट काढल्यावर बघतो तर सोल्युशन पत्र्यावर जसंच्या तसं होतं, शीटची मागची बाजू मात्र कोरी करकरीत, जणू काही लावलंच नव्हतं. एका बाजूला खास प्रक्रिया केलेली, मागे चिकटपट्टी असलेली पातळ शीट मिळते, ती सपाट आणि कोरड्या जागी बरी, पण वाकड्या शूटमध्ये, ओल्या थंडीत, वरून मार खात, मी तरी भरवसा ठेवणार नाही. तर चिकटवायची नाही, बोल्टने पकडायची.

आणि पकडायची तीही सैल. हे ऐकून भाचा गोंधळला, सैल कशाला, हलेल ना? हलूच दे. थंडीत सगळंच आकसतं, पण किती ते बघा. लोखंडाची एक मीटर पट्टी एका अंशाला ०.०१२ मिमी आकसते. या शीटची एक मीटर पट्टी एका अंशाला ०.१५ ते ०.२ मिमी, म्हणजे लोखंडाच्या साधारण बारा ते सतरा पट. भाच्याच्या तळघरात हीटर लावून २० अंश असतात, तिथे बसून तो माप घेणार, आणि मशीन चालणार उणे २० ला. चाळीस अंशांचा फरक. चाळीस सेंटिमीटरचा तुकडा असेल तर तो अडीच ते तीन मिमी छोटा होणार, आणि त्याच्या मागचा पत्रा ०.२ मिमी पण नाही. चारी कोपरे घट्ट आवळले असतील तर शीट बोल्टपाशी ताणून फाटायला बघणार, आणि उन्हाळ्यात उलट फुगून मध्ये पोट काढणार. त्या पोटाच्या मागे पाणी, पाण्याचा बर्फ, आणि बर्फ शीटला अजून पुढे ढकलणार.

म्हणून पद्धत अशी. माल जिकडून येतो त्या बाजूला मध्ये एकच बोल्ट नेमक्या मापाच्या होलमध्ये, ती तुमची खुंटी. बाकी सगळे होल शीटमध्ये लांबट करायचे, ६ मिमीचा बोल्ट असेल तर होल १२ मिमी लांब, आणि लांबी त्या खुंटीच्या दिशेने, कारण शीट तिकडेच आकसत जाणार. पत्र्यातलं होल मापाचंच. बोल्ट आतून बाहेर घालायचे, डोकं मोठं आणि चपटं हवं, बकेट एलिव्हेटरला वापरतात तसलं, म्हणजे माल अडत नाही आणि लांबट होल पण झाकलं जातं. सीएसके बोल्ट, म्हणजे ज्यांचं डोकं खाचेत बसून सपाट होतं ते, दिसायला जास्त चांगले, पण ३ मिमीच्या शीटमध्ये डोकं बसवायला जाडीच उरत नाही, आणि बसवलं तरी ते खाचेत रुतून शीटला हलू देत नाही. बाहेरून वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे पूर्ण न आवळता ठेवला तरी सुटत नाही. किती आवळायचा? बोटाने शीट सरकवली तर जड का होईना पण सरकली पाहिजे.

दोन तुकडे जोडायचे असतील तर आपली कौलं आठवायची. कौलावर पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूचं कौल वर असतं, खालचं त्याच्या पोटाखाली. शूटमध्ये माल खालून वर जातो, त्यामुळे तिथे उलट, पंख्याजवळचा तुकडा पुढच्यावर चढलेला. आणि जी कड मालाला पहिली सामोरी जाते, तिच्या मागे लगदा शिरायला फट राहता कामा नये, माझा हॉपर तिथेच हरला होता. त्या कडेजवळ खुंटीच्या दोन्ही बाजूंना बोल्ट जवळजवळ घ्यायचे आणि कड पटाशीने तासून पातळ करायची, जोडावर वर चढणाऱ्या तुकड्याची कडही तशीच. लावायच्या आधी पत्र्याचा गंज घासून रंग मारायचा, कारण मागे खारं पाणी जाणारच, किती काही करा, आणि अस्तराखालचा गंज दिसत नाही. मालाला सामोरी न जाणारी खालची एखादी कड पाणी निथळायला मोकळी ठेवायची.

कापाकापी सोपी आहे. ३ मिमीची शीट कटरने दोन-चार वेळा ओढली की कापते, नाहीतर जिगसॉला मोठ्या दातांचं पातं. स्पीड कमी, नाहीतर कापायच्या ऐवजी वितळून पात्याला लपेटते. शूटच्या गोलाईत ही जाडी हाताने वाकवून बसते, गरम करायला जाऊ नका. आधी वर्तमानपत्राचा नाहीतर कार्डशीटचा नमुना कापून शूटमध्ये बसवून बघायचा, शिंपी करतो तसं, मग शीटला कात्री. काठांना दोन मिमी मोकळे सोडायचे.

कुठे लावायचं आणि कुठे नाही यावर आमचं थोडं वाजलं. यूट्यूब बघून त्याला अख्खं मशीन आतून पांढरं करायचं होतं. माझं मत, घरी करत असाल तर शूट करा, शूटच्या बुडाचा गोल गळा करा, आणि थांबा. पंख्याच्या ड्रममध्ये शीट लावली तर पातं आणि भिंत यांच्यातलं अंतर अजून कमी होतं, ऐकायला चांगलं आहे कारण त्या फटीतूनच जोर वाया जातो, पण हजार फेऱ्यांवर पात्याने एकदा सुटलेली कड पकडली की काय होतं ते मी सेकंड शिफ्टला बघितलेलं आहे आणि तो स्क्रू तर हळू फिरणारा होता. फट कमी करायचीच असेल तर पात्यांना रबराच्या पट्ट्या लावायचं किट तिकडे मिळतं, ते बरं. सायलेन्सरच्या आसपास तर शीट अजिबात नको, ८० अंशांच्या वर याला रोज वापरू नये आणि १३५ च्या आसपास हे वितळतंच.

दुसरी फायद्याची जागा म्हणजे मशीनच्या बाजूचे पाय, स्किड शू म्हणतात, ज्यावर पुढचं खोकं घासत जातं. मूळचे लोखंडी असतात, ते फरशीवर ओरखडे आणि गंजाचे डाग पाडतात आणि फटीत अडकतात. तिथे शीट चालणार नाही, १५-२० मिमीचा ठोकळा हवा, खालच्या दोन्ही कडा होडीच्या नाळेसारख्या वर वळवून, आणि तिथे सीएसके बोल्ट, डोकं चांगलं खोल गाडलेलं, नाहीतर ठोकळा झिजला की बोल्टच फरशीवर घासायला लागणार. ठोकळा सिमेट्रिक केला तर एक बाजू झिजल्यावर उलटा लावता येतो.

हे सगळं करताना एक गोष्ट मी त्याला तीनदा वदवून घेतली. चोक झालेल्या शूटमध्ये हात घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरी नाही. बेल्टमध्ये आणि अडकलेल्या पंख्यात ताण साठून राहिलेला असतो, लगदा सुटला की पंखा अर्धा-पाऊण फेरी झटक्यात मारतो आणि तेवढ्यात बोटं जातात. तिकडे दरवर्षी लोकांची जातात. काम करायला बसलास तर स्पार्क प्लगची वायर काढून ठेव, आणि चोक काढायला काठीच.

शीट घ्यायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला की तिकडे मिळते पण त्याची आई, म्हणजे माझी ताई, दिवाळीनंतर येतेच आहे. मी वागळे इस्टेटमध्ये एका प्लास्टिकवाल्याकडे गेलो, तिथे नायलॉन, डेल्रिन, टेफ्लॉन, एचडी सगळं एकावर एक रचलेलं आणि निम्म्याचा रंग पांढराच. पोऱ्याने एक तुकडा काढून दिला, "यूएचएम आहे काका." खात्री कशी करायची? पाण्यात टाकला. तरंगला तर नायलॉन, डेल्रिन, टेफ्लॉन सगळे बाद, ते बुडतात. पण एचडी पण तरंगतं, आणि गडबड नेमकी तीच होते, स्वस्त एचडी यूएचएमच्या नावाने गळ्यात मारतात. मग दुकानाबाहेर फुटपाथवर एक कातरण लायटरवर धरली. एचडी असतं तर मेणबत्तीसारखं ठिबकलं असतं. ही कातरण आधी काचेसारखी पारदर्शक झाली, मऊ पडली, पण एक थेंब खाली आला नाही. साखळ्यांचा गुंता इतका की वितळूनही वाहत नाही, आणि म्हणूनच याला बादलीसारखं साच्यात ओतता येत नाही, पावडर दाबून आणि तापवून ठोकळा करतात, आणि मग त्याची शीट कापतात. कातरण गार झाल्यावर परत पांढरी. पोऱ्या म्हणाला, "तुम्ही लाइनमधले दिसता." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पांढरी नको, काळी घेतली, कारण साधी पांढरी उन्हात खराब होते.

साठ बाय चाळीस सेंटिमीटर, ३ मिमी, वजन सातशे ग्रॅमच्या आत. ताईच्या बॅगेच्या तळाला अगदी मापात बसली, तिच्यावर चकलीचा डबा आणि भाजणीची पिशवी. ती म्हणत होती कस्टमवाल्याने विचारलं तर काय सांगू, मी म्हटलं पोळपाटाखाली घालायचं आहे सांग.

डिसेंबरात पहिला ओला स्नो पडला आणि सकाळी साडेसातला परत कॉल. यावेळी त्याने फोन मशीनच्या बाजूला टेकवून ठेवलेला, आणि गेटच्या तोंडाशी तो मीठ-चिखलाचा बांध. मशीन त्यात घुसलं, जरा गुरगुरलं, आणि शूटमधून काळपट लगदा सलग उडत शेजाऱ्याच्या कुंपणाजवळ जाऊन पडला. पाच मिनिटांत एकदाही काठी लागली नाही. मग त्याने शूटच्या टोकाला असलेली झडप दाखवली, माल जवळ फेकायचा की लांब ते ठरवणारी, तिला आम्ही अस्तर लावलं नव्हतं, शीट पुरली नाही. तिथे बिजागरीपाशी मूठभर बर्फ घट्ट बसलेला. "मामा, एवढंच राहिलं बघ." मी त्याला म्हटलं आधी सगळे नट हाताने चेक कर, पहिल्या दोन-तीन वेळेला काही जास्तच सैल होतात, आणि झडपेचा कागदी नमुना कापून त्याचा पट्टी ठेवून फोटो पाठव. फोटो आलाय. ताई परत यायची आहे मार्चमध्ये, पुढची फेरी थेट पुढच्या फराळाबरोबर.